मुलांच्या कण्याचा बाक : वेळेवर ओळख आणि शस्त्रक्रियेवाचून उपचार

(भेस्तान, सुरत येथील मराठी पालक व शिक्षक यांच्यासाठी केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सुरत शहराच्या दक्षिणेस, उधना आणि सचिन या दोन रेल्वे स्थानकांच्या दरम्यान भेस्तान हे स्थानक आहे. एकेकाळी स्वतंत्र गाव असलेली ही वस्ती आता महानगरपालिकेच्या हद्दीत आली असून पांडेसरा व सचिन येथील कारखान्यांच्या आधाराने ती वाढली आहे. तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली असंख्य कुटुंबे या पट्ट्यात स्थायिक झालेली आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि मागावर हिंदी असा त्यांचा नित्याचा व्यवहार असतो. पुरुषमंडळी बारा-बारा तासांच्या पाळ्यांत यंत्रमाग चालवितात. स्त्रिया घरी बसून साड्यांना टिकल्या व खडे लावण्याचे काम करतात. कापडावरच उपजीविका असणाऱ्या या वस्तीत मुलांच्या पाठीचा एक विकार पुष्कळदा प्रथम ध्यानात येतो तो शिंप्याच्या. गणवेशाचे माप घेताना एक खांदा वर आणि दुसरा खाली दिसतो, किंवा शिवून दिलेल्या परकराचा घेर एका बाजूने जमिनीकडे अधिक उतरतो. शिंपी म्हणतो, 'पोरीला सरळ उभी राहायला सांगा.' पोरगी सरळच उभी असते. सरळ नसतो तो तिचा कणा.

या विकारास वैद्यकशास्त्रात स्कोलिओसिस असे नाव आहे. मराठीत त्यास कण्याचा बाजूस गेलेला बाक असे म्हणता येईल. कुबड आणि हा बाक यांत भेद आहे. कुबडात पाठ मागच्या बाजूस उंचावते. येथे कणा डाव्या किंवा उजव्या अंगास वळतो आणि त्याबरोबरच मणके स्वतःच्या आसाभोवती काहीसे फिरतात. पिळलेल्या दोरीप्रमाणे ही दुहेरी विकृती असते. मणक्यांना जोडलेल्या बरगड्याही त्यांच्यासोबत फिरत असल्यामुळे पाठीची एक बाजू फुगीर दिसू लागते. क्ष-किरण चित्रावर रेषा आखून हा बाक मोजण्याची रीत अमेरिकेतील जॉन कॉब या शल्यविशारदाने १९४८ साली मांडली आणि आजही जगभर बाकाची नोंद 'कॉब कोन' म्हणूनच केली जाते. कोन १० अंश वा त्याहून अधिक असेल तरच त्यास स्कोलिओसिस म्हणावयाचे. त्याखालील किंचित वाकडेपणा अनेक निरोगी माणसांत असतो व त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

दहा ते सोळा वर्षे वयाच्या मुलांमध्ये असा बाक शेकडा २ ते ३ जणांत आढळतो. पाचशे विद्यार्थ्यांच्या उच्च प्राथमिक शाळेत म्हणजे दहा-पंधरा मुले अशी निघतील. मात्र त्यांपैकी प्रत्यक्ष उपचाराची गरज एखाद-दुसऱ्यासच भासेल. हे प्रमाण लहान वाटले तरी त्या एखाद-दुसऱ्या मुलाच्या दृष्टीने ते शंभर टक्केच आहे, आणि तो नेमका कोण हे पाहिल्यावाचून कळत नाही. हा विकार आरंभी दुखत नसल्यामुळे मूल स्वतः होऊन तक्रार करीत नाही.

या विकाराचे कारण विचारले असता प्रामाणिक उत्तर असे की, सुमारे ८० टक्के मुलांमध्ये ते सापडत नाही. आनुवंशिकतेचा काही भाग त्यात निश्चित असतो. म्हणून एका भावंडाची पाठ वाकलेली असेल तर इतरांचीही पाहावी. उरलेल्या मुलांत काहींचे मणके जन्मतःच सदोष घडलेले असतात, तर काहींना मेंदूचा पक्षाघात अथवा स्नायूंचे विकार असतात. मागील पिढीत पोलिओ हे एक मोठे कारण होते. भारतात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. त्यामुळे ते कारण आता नव्या मुलांपुरते राहिलेले नाही. मणक्याचा क्षयरोग मात्र अजूनही दृष्टीआड करून चालणार नाही. त्यात बहुधा मध्यभागी टोकदार कुबड येते, पाठ दुखते, ताप व वजनात घट असते. अशा मुलास पट्टा बांधीत बसू नये, क्षयाची तपासणी तातडीने करून घ्यावी.

काय कारण नाही, हेही सांगणे आवश्यक आहे, कारण घरोघरी मुलांना आणि त्यांहून अधिक आयांना विनाकारण दोष दिला जातो. दप्तराच्या ओझ्याने हा बाक येत नाही. दप्तर जड नसावे हे खरेच. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात त्याचे वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशापेक्षा अधिक नसावे असे म्हटले आहे. जड दप्तराने पाठ दुखते, खांदे भरून येतात. परंतु कण्याचे मणके फिरत नाहीत. वाकून बसल्याने, एका कुशीवर निजल्याने, कडेवर धाकटे भावंड घेतल्याने किंवा पाण्याची कळशी उचलल्याने हा विकार जडतो, असेही नाही. तेव्हा 'नीट बसत नाहीस म्हणून असे झाले' हे वाक्य अशा मुलीस कोणीही ऐकवू नये. ते अशास्त्रीय तर आहेच, शिवाय त्यामुळे मुलगी पाठ लपवू लागते. ओढणी पुढून मागे जाते, केस मोकळे सोडले जातात आणि निदान आणखी वर्षभर लांबते.

हे वर्ष वाया जाणे सर्वांत महाग पडते. कण्याचा बाक वाढतो तो मुख्यतः उंचीबरोबर. मुलींची उंची झपाट्याने वाढते ती ऋतुप्राप्तीच्या सहा महिने ते वर्षभर आधी, म्हणजे साधारणतः पाचवी ते सातवीच्या वर्गात. मुलांत हा काळ त्यानंतर दीड-दोन वर्षांनी येतो. सौम्य बाक मुलामुलींत जवळपास सारखाच आढळतो, तथापि वाढत जाऊन उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांत मुलींची संख्या कित्येक पटींनी अधिक असते. वाढ पूर्ण होताना कोन ३० अंशांखाली राहिला तर पुढील आयुष्यात तो क्वचितच वाढतो. तोच ५० अंशांपलीकडे गेलेला असेल तर प्रौढपणीही वर्षाला सुमारे एक अंश या गतीने वाढत राहू शकतो. शस्त्रक्रियेवाचून करावयाचे सर्व उपचार म्हणूनच अंगात वाढ शिल्लक असेतोवरच उपयोगी पडतात. अमेरिकेतील अस्थिरोग व बालरोग तज्ज्ञांच्या संस्थांनी मुलींची पाठ दहाव्या व बाराव्या वर्षी आणि मुलांची तेराव्या किंवा चौदाव्या वर्षी तपासावी, असे सुचविले आहे. त्याचे मर्म यातच आहे.

तपासणीस यंत्र लागत नाही. विल्यम ॲडम्स या इंग्रज शल्यवैद्याने १८६५ साली वर्णिलेली वाकून पाहण्याची परीक्षा आजही वापरात आहे. मुलास प्रथम अनवाणी, पाय जुळवून, तपासणाऱ्याकडे पाठ करून सहज उभे करावे. खांदे एका पातळीत आहेत काय, खांद्याचा एक फरा अधिक वर आला आहे काय, कमरेची खोबण दोन्ही अंगांस सारखी आहे काय, लोंबते हात आणि कंबर यांमधील जागा एका बाजूस अधिक दिसते काय, हे पाहावे. नंतर दोन्ही तळहात जुळवून, गुडघे न वाकविता, पाठ जमिनीस समांतर होईपर्यंत सावकाश पुढे वाकण्यास सांगावे. तपासणाऱ्याने आपली नजर पाठीच्या पातळीत आणून मागून पाहावे. एका बाजूच्या बरगड्या किंवा कमरेचा भाग दुसऱ्या बाजूपेक्षा उंच दिसला तर शंका घ्यावी. पाय लहान-मोठे असल्याने उभ्याने कणा वाकडा दिसत असेल, तर स्टुलावर बसवून वाकविल्यावर तो सरळ दिसतो. हा भेद करून घेतला म्हणजे पुष्कळ निष्कारण धावपळ टळते. विल्यम बनेल यांनी १९८४ साली प्रचारात आणलेले स्कोलिओमीटर नावाचे साधन गवंड्याच्या पाणसळीसारखे असते. पाठीवर आडवे ठेवले की तिरकेपणा अंशांत दिसतो. तो ७ अंश वा अधिक असल्यास तज्ज्ञाकडे पाठवावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. हल्ली मोबाइल दूरध्वनीमधील कोन मोजण्याच्या सोयीनेही हे काम भागते.

परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. अवघड आहे ती तिच्यासाठी लागणारी आडोशाची जागा. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेत रिकामी खोली मिळणे कठीण असते. तरीही मुलींची तपासणी स्त्री शिक्षिका किंवा परिचारिका यांनीच, दार लावून, एका वेळी एकीचीच करावी. मागे बटणे असलेले झबले किंवा उलटा घातलेला सदरा अंगात असला की पाठ तेवढी उघडी राहते आणि संकोच उरत नाही. पालकांस आधी चिठ्ठीने कळवावे. शंका आल्यास ती वर्गात बोलून दाखवू नये. शाळेच्या पटांगणात एखादे टोपणनाव एकदा चिकटले की ते शाळा सुटेपर्यंत सुटत नाही.

येथे शासकीय योजनेतील एक उणीव नमूद करणे योग्य होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. आरंभी ठरविलेल्या तीस विकारांच्या यादीत वाकडी पावले, कमरेच्या सांध्याचा जन्मजात दोष, मुडदूस यांचा अंतर्भाव आहे. पाठीच्या बाकाचे मात्र त्यात वेगळे नाव नाही. पथकाच्या कागदावर रकाना नसला तरी पथकात डॉक्टर असतातच. पाचवी ते आठवीच्या शिक्षकांनी संशयित मुलांची नावे आधीच काढून ठेवली आणि पथक येताच ती पुढे केली, तर रुग्णालयासाठी संदर्भचिठ्ठी मिळण्यास अडचण पडू नये.

सर्व शाळांतून सरसकट तपासणी करावी काय, याबद्दल मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतील रोगप्रतिबंधविषयक तज्ज्ञमंडळाने २००४ साली अशा तपासणीविरुद्ध मत दिले होते. २०१८ साली त्याने ते बदलून पुरावा दोन्ही बाजूंनी अपुरा असल्याचे म्हटले. आक्षेप रास्त आहे. घाईने तपासले तर चांगल्या पाठीची मुलेही रुग्णालयात जातात, क्ष-किरण घेतात आणि घरात काळजी शिरते. यास्तव पहिल्या शंकेनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहणे आणि मगच चिठ्ठी देणे हे शहाणपणाचे. यंत्रमागाच्या कामगाराची एक पाळी बुडाली की त्या दिवसाची मजुरी बुडते, हे चिठ्ठी देणाऱ्याने विसरता कामा नये.

भेस्तानच्या पालकांस सुरतेतील नवीन सिव्हिल हॉस्पिटल आणि महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये जवळ आहेत. अधिक विशेष साधनांसाठी मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र शासनाची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे; भेस्तानहून तेथे रेल्वेने जाता येते. रुग्णालयात उभ्याने संपूर्ण कण्याचा क्ष-किरण फोटो घेतात. तो पाठीमागून पुढे घेतल्यास छातीवर किरणांचा मारा कमी होतो, आणि वारंवार फोटो घ्यावे लागणाऱ्या मुलीच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नाही. रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, पायांत अशक्तपणा, लघवीवरील ताबा जाणे, कमरेच्या मध्यावर केसांचा झुपका, अंगावर कॉफीच्या रंगाचे अनेक डाग किंवा छातीच्या भागात डावीकडे गेलेला बाक, यांपैकी काही दिसल्यास डॉक्टर एम.आर.आय. करण्यास सांगतात, आणि तो टाळू नये.

कोन २५ अंशांखाली असेल तर बहुधा काहीच बांधीत नाहीत. चार ते सहा महिन्यांनी पुन्हा यावयास सांगतात. 'डॉक्टरांनी काहीच दिले नाही' असे समजून येथे पुष्कळ पालक पुन्हा फिरकत नाहीत. वास्तविक वाट पाहणे हाच त्या अवस्थेतील उपचार असतो, आणि पुढील तारीख पाळणे हे त्याचे औषध. कोन २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असून वाढ शिल्लक असेल, तर ब्रेस देतात.

ब्रेस म्हणजे बाजारात मिळणारा कापडी पट्टा नव्हे. खांदे मागे ओढणारे लवचीक पट्टे दुकानांत 'पाठ सरळ करणारे' म्हणून विकले जातात. या बाकावर त्यांचा उपयोग नाही. खरा ब्रेस मुलाच्या धडाचे माप घेऊन, बहुधा प्लास्टरचा साचा काढून, कठीण प्लास्टिकचा बनवितात. बाकाच्या फुगीर बाजूवर आतून गादी दाब देते आणि समोरच्या बाजूस शरीर सरकण्यास मोकळी जागा ठेवलेली असते. १९४० च्या दशकात ब्लाउंट व श्मिट यांनी मिलवॉकी येथे बनविलेला पहिला नामांकित ब्रेस हनुवटीपर्यंत येणारा, धातूच्या पट्ट्यांचा होता. १९७० च्या दशकात बॉस्टन येथील ब्रेस आला, तो काखेखाली संपतो आणि सैल कुडत्याखाली सहज झाकला जातो.

त्याने गुण येतो काय, ही शंका अनेक वर्षे होती. तिचे उत्तर २०१३ साली मिळाले. अमेरिका व कॅनडा येथील पंचवीस रुग्णालयांत, दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींवर झालेल्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुले कोन ५० अंशांवर न जाता वाढ पूर्ण करू शकली. नुसते निरीक्षण केलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष पालकांनी ध्यानात धरावा असा आहे. ब्रेसच्या आत उष्णता मोजणारे बारीक यंत्र बसविलेले होते, त्यामुळे तो प्रत्यक्ष किती तास अंगावर होता हे कळले. रोज सरासरी तेरा तास वा अधिक वापरणाऱ्यांत यश ९० टक्क्यांपलीकडे गेले. सहा तासांहून कमी वापरणाऱ्यांना मात्र जवळजवळ काहीच लाभ झाला नाही. खुंटीवर टांगलेला ब्रेस कोणाचीही पाठ सांभाळीत नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रेस न घालताही जवळपास निम्मी मुले सुखरूप राहिली. म्हणजे ब्रेस प्रत्येकास अनिवार्य नसतो, आणि बाक पूर्ण नाहीसा करणे हे त्याचे कामही नाही. बाकाची वाढ रोखणे हेच त्याचे काम.

अठरा तास ब्रेस घालावयाचा असे डॉक्टर लिहून देतात. सुरतेच्या दमट उन्हाळ्यात, पत्र्याच्या छपराखालच्या एका खोलीत, जेथे पाच-सहा माणसे निजतात, तेथे हे अठरा तास कसे भरावयाचे? येथे घरच्यांच्या युक्तीस वाव आहे. आत शिवण नसलेला, घट्ट, सुती गंजीफ्रॉक घालावा आणि घामाने भिजला की बदलावा. या वस्तीत सुती तुकडा मिळणे अवघड नाही. कातडीस तेल किंवा मलम लावू नये, त्याने ती मऊ पडून सोलते. लाल झालेली जागा ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात पूर्ववत होत नसेल, तर ब्रेस बनविणाऱ्याकडे जाऊन गादी नीट करून घ्यावी. घरी कानशीने घासू नये. प्रारंभी दोन-तीन तासांपासून सुरुवात करून एक-दोन आठवड्यांत पूर्ण वेळेवर यावे. अंघोळ, खेळ आणि व्यायाम यांसाठी तो काढता येतो. खेळ बंद करण्याची आवश्यकता नाही, उलट खेळावे. संध्याकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी शाळेला निघेपर्यंत आणि शाळेतूनही जमेल तितका, असे वेळापत्रक मांडले तर तेरा तास रात्रीतच भरत येतात. शिक्षकांनी अशा मुलीस पंख्याखालची जागा द्यावी आणि मांडी घालून खाली बसण्याऐवजी बाक द्यावा. हा दुसरा बाक लाकडाचा, एवढाच काय तो शब्दांचा खेळ.

तान्ह्या व दोन-तीन वर्षांच्या बालकांतील बाकाची गोष्ट निराळी. इंग्लंडमध्ये स्टॅनमोर येथील रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलमध्ये काम केलेल्या, भारतीय वंशाच्या मीन मेहता यांचे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते. बालकांतील कोणता बाक आपोआप जाईल आणि कोणता वाढेल, हे बरगडी व मणका यांमधील कोनांच्या फरकावरून ओळखण्याची रीत त्यांनी १९७२ साली दिली. वाढणाऱ्या बाकासाठी त्या बालकास भूल देऊन, धड हळुवार ताणून व फिरवून प्लास्टर चढवीत आणि काही आठवड्यांनी ते बदलीत. २००५ साली त्यांनी १३६ बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सरासरी दीड वर्षाच्या सुमारास आलेल्या ९४ बालकांचा बाक साडेतीन वर्षे वयापर्यंत नाहीसा झाला. सरासरी अडीच वर्षांनी आलेल्या ४२ बालकांत तो कमी झाला, परंतु गेला नाही. दोन गटांतील अंतर अवघे वर्षभराचे होते. अंगणवाडी सेविकेस एखाद्या बालकाची पाठ एका अंगास कलती दिसली, तर 'चालू लागले की सरळ होईल' या समजुतीवर ते सोडू नये.

भागवतात कुब्जेची कथा आहे. श्रीकृष्णाने तिच्या पावलांवर आपले पाऊल रोवले, हनुवटीस दोन बोटे लावून तिला वर उचलले आणि तीन ठिकाणी वाकलेले तिचे शरीर सरळ झाले. पायाशी धरून डोक्याकडे ताणणे ही कल्पना जुनीच आहे, आणि प्लास्टर चढवितानाही ताण देतातच. परंतु कथेतील एका क्षणाचे काम वैद्यास वर्षानुवर्षे करावे लागते. म्हणून एका बैठकीत कणा बसवून देतो असे सांगणारे हाडवैद्य व मालीशवाले यांच्यापासून सावध राहावे. निखळलेला सांधा बसतो. फिरलेला मणका झटका देऊन बसत नाही.

व्यायामास मात्र मान्यता आहे. जर्मनीतील कॅथरीना श्रोथ यांची स्वतःची पाठ वाकडी होती. चेंडूचा खळगा आतील हवेने भरून येतो, त्याप्रमाणे छातीची दबलेली बाजू श्वासाने भरता येईल, असा विचार करून आरशापुढे त्यांनी व्यायाम बसविले आणि १९२१ साली माइसेन येथे उपचार सुरू केले. बाकाच्या विरुद्ध दिशेस शरीर लांबविणे आणि दबलेल्या अंगात श्वास नेणे, हे त्या पद्धतीचे सूत्र. सौम्य बाकात अशा व्यायामाने काही अंशांचा लाभ झाल्याचे दिसले आहे आणि ब्रेसबरोबर तो केल्यास स्नायू बळकट राहतात. प्रत्येक मुलाचा बाक निराळा असल्याने व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्यावा. सर्वांना सारखी आसने करविल्याने बाक जातो, यास आधार नाही. आसने आरोग्यासाठी खुशाल करावीत, ब्रेसऐवजी नव्हे.

हे सर्व करूनही काहींचा बाक ४५-५० अंशांपलीकडे जातो. मग शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो आणि त्यात पालकांचे किंवा मुलाचे अपयश नसते.

राहिली गोष्ट कागदपत्रांची. भेस्तानचे कुटुंब दिवाळीत, लग्नसराईत आणि पेरणी-कापणीला गावी जाते. कधी मागावरचे काम सुटले की वर्षभरासाठीही जाते. शाळा बदलते, राज्य बदलते आणि सुरतेतील रुग्णालयाची तारीख निघून जाते. म्हणून क्ष-किरण फोटो, कॉब कोनाची नोंद, ब्रेस दिल्याची तारीख आणि मुलीची उंची हे सर्व एका जाड पिशवीत सपाट ठेवून बरोबर न्यावे आणि फोटोची प्रत दूरध्वनीतही जपावी. धुळे किंवा जळगावच्या शासकीय रुग्णालयात ती पिशवी दाखविली तर तेथील डॉक्टरांना जुना व नवा कोन ताडून पाहता येतो; ५ अंशांहून अधिक फरक पडला असेल तरच बाक वाढला असे धरतात. शाळेच्या दाखल्यासोबत मुख्याध्यापकांनी चार ओळींची चिठ्ठी जोडली तर नव्या शिक्षकांसही कळते. उंची वाढली की ब्रेस लहान होतो, वर्ष-दीड वर्षाने तो बदलावा लागतो, आणि गावी असताना घट्ट झालेला ब्रेस परत येईपर्यंत तसाच चढवीत राहणे बरे नव्हे. ऋतुप्राप्तीस दीड-दोन वर्षे होऊन उंची थांबली आणि फोटोत हाडांची वाढ पुरी झालेली दिसली की डॉक्टर दिवसाचे तास कमी करीत आणतात. शेवटी तो फक्त रात्री, आणि मग तोही नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी एक फोटो काढून पाहतात.